शिंगाडेच्या मापाचं लाकूड

त्या वर्षी आमची पलटण जम्मूच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका छावणीत होती. मी ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेचा आर्मरर, हुद्दा नाईक, इन्फंट्री पलटणीला अटॅच. आर्मरर म्हणजे पलटणीच्या हत्यारांचा मिस्त्री. स्प्रिंग तुटली, साइट हलली, बोल्ट अडकला की रायफल माझ्या टेबलावर यायची. सकाळी पीटी, नाश्ता, मग कोत उघडायचं. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. दुपारपर्यंत इन्स्पेक्शन, नंतर दुरुस्ती, संध्याकाळी रोल कॉल. यात शौर्य वगैरे काही नाही. हात काळे होतात आणि तेलाचा वास जेवतानाही जात नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडं होती. मी पलटणीच्या शूटिंग टीममध्ये होतो. आर्मरर सहसा टीमच्या मागं उभा असतो, टूल रोल म्हणजे अवजारांची गुंडाळी घेऊन. मी पुढं झोपून फायर करायचो. गावी रजेवर गेलो की वडील चारचौघांत सांगायचे, "आमचा विलास नेमबाज हाय." आर्मरर म्हणजे काय ते त्यांना कधी नीट कळलं नाही. नेमबाज कळायचं.

मग सोपान शिंगाडे आला.

मी सांगवीचा, बारामती तालुक्यातला. तो शेळगावचा, इंदापूर तालुक्यातला. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे आणि मग शेळगाव. एवढ्या लांब पलटणीत इतक्या जवळचा माणूस भेटला की जवान भावासारखे राहतात. आमचंही तसंच व्हायला हवं होतं. पहिल्या दिवशी त्यानं माझा साबण मागून घेतला, दुसऱ्या दिवशी माझी चप्पल घालून आंघोळीला गेला. दिसायला बारीक, बोलायला मोठा. "आपला नेम चुकत न्हाय" असं तो कुणालाही सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं, हाच त्रास होता.

टीमचे कोच होते सुभेदार दलबीर सिंग. मोजकं बोलायचे. शिंगाडे आल्यावर त्यांनी टीमसाठी टेस्ट फायर लावला. दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"जगताप, तेरी जगह शिंगाडे."

"जी साहब."

"तू रायफलें देख."

"जी साहब."

संध्याकाळी शिंगाडे माझ्या चारपाईवर येऊन बसला. "नाराज न्हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हणालो.

नाराज हा शब्द लहान होता. मला त्याचा हेवा वाटत होता. सैनिकी आठवणींत लोक थंडी लिहितात, भूक लिहितात, भीतीही लिहितात. हेवा कुणी लिहीत नाही. पण एका बॅरेकीत राहणाऱ्या माणसांत तो असतो. एकाला रजा मिळते, एकाला नाही. एकाला कोर्स मिळतो, एकाला गार्ड. माझ्या बाबतीत एकाला रायफल मिळाली आणि दुसऱ्याला ती पुसायचं फडकं.

त्याच सुमाराला एका स्पर्धेहून येताना ट्रकमध्ये आमच्या पॉइंट टू टू मॅच रायफलचा स्टॉक चिरला. स्टॉक म्हणजे रायफलीचं सगळं लाकूड. मागं खांद्याला टेकतो तो बट, मध्ये मूठ, आणि पुढं नळीच्या खाली जातो तो फोरएन्ड. मुठीपाशी आरपार चीर गेली होती. नवा मागवला तर कधी येईल याचा भरवसा नव्हता.

सुभेदार साहेबांनी विचारलं, "बना सकता है?"

"बना सकता हूँ."

रायफल शिंगाडेची. त्यामुळं स्टॉक त्याच्या मापाचा करायचा. काश्मीरकडच्या एका आरागिरणीतून अक्रोडाची जुनी, वाळलेली फळी मिळाली. मी हिवाळाभर त्या फळीवर काम केलं. ड्यूटी संपली की पटाशी, कानस, पॉलिश पेपर. शिंगाडेला जमिनीवर पालथं झोपवायचो आणि माप घ्यायचो. कोपरापासून बोटापर्यंत. खांद्याच्या खळगीपासून गालाच्या हाडापर्यंत. मान किती लांबवतो, श्वास सोडल्यावर हनुवटी किती खाली येते. माझ्या बायकोच्या बांगडीचं माप मला ठाऊक नव्हतं. शिंगाडेच्या खांद्याचं मला पाठ होतं.

स्टॉक तयार झाला तेव्हा त्यानं तो गालाला लावला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा समोरचं टार्गेट साइटमध्ये बरोबर मधोमध होतं.

"आयला," तो म्हणाला. एवढंच.

त्यानंतर तो ब्रिगेडला जिंकला, डिव्हिजनला जिंकला. गावी पेपरात फोटो आला. रजेवर गेला तेव्हा शेळगावच्या फाट्यावरून त्याला ट्रॅक्टरवर उभं करून मिरवत नेलं. वडिलांना ही बातमी बारामतीच्या बाजारात कळली. फोनवर म्हणाले, "शेळगावचं एक पोरगं लई नाव काढतंय म्हनं तुमच्या पलटणीत. तू वळखतोस का?"

"वळखतो."

"त्याच्याकडनं शिकून घे काय तरी."

बायकोनं तर पेपराचं कात्रणच पाठवलं. फोटोत शिंगाडे हसत होता आणि त्याच्या हातात मी घडवलेलं लाकूड होतं. मी कात्रण ट्रंकेत तळाला ठेवलं. फेकलं नाही, कारण लाकूड छान दिसत होतं.

पावसाळ्यात त्या नदीकाठी हवा ओलसर चादरीसारखी अंगाला चिकटते. गणवेश वाळत नाही, काडेपेटी पेटत नाही. कमांडची मोठी स्पर्धा जवळ आली होती आणि रोज रेंजवर सराव चालू होता. तेव्हा शिंगाडेचा नेम जाऊ लागला.

सकाळी ठीक असायचा. दुपार व्हायला लागली की गोळ्या उजवीकडं सरकायच्या. आधी थोड्या, मग जास्त. तो साइट फिरवून दुरुस्त करायचा, तर पुढची गोळी भलतीकडंच. सुभेदार साहेब दुर्बिणीतून बघत राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी बोलले.

"दोपहर के बाद इसका हाथ मर जाता है."

शिंगाडे उठून सावधान उभा राहिला. "मेरी गलती, साहब."

साहेब माझ्याकडं वळले. "जगताप, कल से तू भी लेट."

लेट म्हणजे फायरिंग पॉइंटवर झोप. दुसऱ्या दिवसापासून मी दुसऱ्या रायफलवर सराव सुरू केला. माझ्या गोळ्यांचा ग्रुप चांगला पडला. त्या आठवड्यात मी लंगरमध्ये पोटभर जेवलो, रात्री लगेच झोपलो. वडिलांना फोन करून सांगितलं, "बहुतेक मी खेळीन." शिंगाडे एकटा बसायला लागला होता. त्याच्या फुशारक्या बंद झाल्या होत्या. ते बघून मला बरं वाटत होतं. जे होतं ते सांगतो.

एका दुपारी रेंजवरून आल्यावर नेहमीप्रमाणं हत्यारं साफ करायला घेतली. मॅच रायफलची नळी फोरएन्डला कुठंही टेकता कामा नये. नळीखाली लाकडात एक खाच असते, तिच्यात ती मोकळी राहायला हवी. लाकूड टेकलं की नळीला ढकलतं आणि गोळी सरकते. हे तपासायला सोपा उपाय असतो. दहाची नोट नळी आणि लाकडाच्या मधून सरकवायची. मोकळी गेली तर ठीक.

नोट टोकापासून थोडी आत गेली आणि डाव्या बाजूला अडकली.

मी पुन्हा सरकवली. पुन्हा तिथंच. रायफल डोळ्यासमोर धरून लाकडाच्या कडेवरून बघितलं. फोरएन्डचं टोक उजवीकडं झुकलं होतं. बाक बारीक होता, एरवी कुणाच्या लक्षात आला नसता. पण ते लाकूड माझं होतं. मला घराचं दार वाकडं झाल्यासारखं दिसलं.

शिंगाडे शेजारच्या बाकावर पुल थ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ओढत बसला होता. त्यानं नोट अडकलेली बघितली आणि मान खाली घातली.

"तुला ठावं होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"कधीपास्नं?"

"पयल्या दिवशीच बघितलं नोट घालून."

"मग साहेबाला सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? जगतापचं लाकूड वाकलं म्हणून? तुला टीमपास्नंच काढला असता. हात मेला म्हनलं तर मला चार दिवस बसवतील. परत घेतील."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या जागेवर तो होता, माझ्या लाकडावर त्याचं नाव होतं आणि आता मोठेपणाही त्यानंच घेतला होता. ह्या बाबतीतही तो माझ्या पुढं.

"तुझी मेहरबानी नको मला," मी म्हणालो.

"मेहरबानी कसली? परत स्टॉक कोण करून देणार मला? तुझा बा?"

मी तसाच उठलो आणि सुभेदार साहेबांच्या खोलीपुढं जाऊन उभा राहिलो.

"साहब, शिंगाडे का हाथ ठीक है. लकड़ी मुड़ी है."

"लकड़ी किसकी?"

"मेरी."

त्यांनी बूट घालता घालता वर बघितलं. "मैच से पहले सीधी होगी?"

"कोशिश करूँगा."

"हो गई तो शिंगाडे खेलेगा. नहीं हुई तो तू."

मी सॅल्यूट करून बाहेर आलो. म्हणजे काम नीट केलं तर तो खेळणार. काम बिघडलं तर मी. मला काही बिघडवायचीही गरज नव्हती. वाकलेलं लाकूड सरळ होत नाही, ते बहुतेक वेळा मोडतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चूक कुठं झाली ते स्टॉक उघडल्यावर लगेच दिसलं. बाहेरून मी जवसाचं तेल हातानं चोळून चोळून मुरवलं होतं. आरशासारखं चमकत होतं. पण नळीखालची खाच, जी कुणाला दिसत नाही, ती मी कोरडीच ठेवली होती. पावसाळ्याची ओल तिथून आत शिरली. एक बाजू फुगली, दुसरी तशीच राहिली, आणि लाकडाला बाक आला. सकाळी थंड हवेत नळी जेमतेम सुटी राहायची. दुपारी लाकूड सरकून तिला दाबायचं.

उपाय दोन. जिथं टेकतं तिथली खाच खरवडून टाकायची. तासाभराचं काम. पण लाकूड आणखी वाकत गेलं तर आठ दिवसांनी पुन्हा तेच. दुसरा उपाय म्हणजे वाफ देऊन लाकूड मऊ करायचं, उलटं वाकवायचं आणि तसंच बांधून वाळू द्यायचं. मी दुसरा धरला.

लंगरमधून मोठा प्रेशर कुकर आणला. शिटी काढून तिथं रबरी नळी बसवली. फोरएन्डभोवती पोत्याचं कापड गुंडाळलं आणि त्यात वाफ सोडली. वाफ देऊन झाली की कापड काढून लाकूड लोखंडी अँगलवर ठेवायचं, मध्ये पाचर घालायची आणि टोक शिकंज्यानं ओढायचं. हे झटपट करावं लागतं. लाकूड गार व्हायला लागलं की ऐकत नाही. पहिल्या वेळी मी एकट्यानं केलं. दोन दिवस बांधून ठेवलं. शिकंजा सोडला तर टोक हळूच पुन्हा उजवीकडं गेलं.

सरळ केलेलं लाकूड थोडं मागं येतंच. म्हणून त्याला सरळच्या पलीकडं न्यावं लागतं. किती पलीकडं, हे हाताला कळतं. कमी नेलं तर परत येतं, जास्त नेलं तर तुटतं.

दुसऱ्या वेळी शिंगाडे आला. बाही वर करून उभा राहिला.

"तू जा," मी म्हणालो. "हात भाजला तर साहेब मला फाडून खातील."

"एकट्याला जमंना झालंय तुला. मी धरतो."

"बटाकडनं धर. गरम भागाला बोटं लावू नकोस."

कापड काढलं. वाफेचा लोट तोंडावर आला. त्यानं बट छातीशी आवळून धरला, मी टोक शिकंज्यात घातलं आणि आवळायला लागलो. सरळ झालं. आणखी आवळलं. सरळच्या पलीकडं गेलं. आणखी. तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. कर्र.

दोघंही थांबलो.

"मोडलं?" तो म्हणाला.

मी कान लाकडाला लावला. बोट फिरवलं. चीर नव्हती. तंतू सरकले होते, तुटले नव्हते.

त्या क्षणी अर्धा फेरा आणखी दिला असता तर लाकूड मोडलं असतं. कुणी मला विचारलंही नसतं. शिंगाडे माझ्याकडं बघत होता. त्याच्या मनात ते आलं होतं का, मला माहीत नाही. माझ्या मनात आलं होतं.

"बास," मी म्हणालो. "हितंच ठेव."

मी शिकंजा सोडून दिला नाही, आवळलाही नाही. कारण उदात्त नव्हतं. असलं चांगलं लाकूड माझ्या हातून पुन्हा झालं नसतं. त्याच्यासाठी नाही, तर लाकडासाठी थांबलो. शिंगाडेनं घाम पुसला आणि लगेच म्हणाला, "आता मेडल माझंच बघ ह्या खेपंला." मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

स्टॉक कोतच्या आतल्या खोलीत, ऊन आणि वारा लागणार नाही असा बांधून ठेवला. ह्या वेळी घाई केली नाही. सोडला तेव्हा टोक थोडं मागं आलं आणि सरळ रेषेवर थांबलं. मग खाचेला आतून पातळ वार्निशचे हात दिले. टोकाला जिथं लाकडाचे तंतू उघडे असतात तिथं दोन हात जास्त. नळी बसवली. दहाची नोट टोकापासून मागंपर्यंत गेली.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मी टूल रोल घेऊन मागं उभा होतो. शिंगाडेची शेवटची सिरीज चालू होती. हवा तशीच ओलसर. मी टार्गेटकडं बघत नव्हतो, फोरएन्डकडं बघत होतो. शेवटची गोळी सुटली आणि सुभेदार साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांच्या दाढीत हसू दिसलं.

शिंगाडेला सुवर्ण मिळालं. मंचावर त्याला माईक दिला. मला वाटलं, आता तो माझं नाव घेईल. त्यानं पलटणीच्या सीओ साहेबांचं घेतलं, सुभेदार साहेबांचं घेतलं, वडिलांचं घेतलं. गावाचंही घेतलं. माझं राहिलं. नंतर म्हणाला, "गडबडीत इसरलो रं." खरंच विसरला होता. मुद्दाम वगळलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला पलटण वर काश्मीर खोऱ्यात गेली. शूटिंग टीम मोडली, सगळे आपापल्या कंपनीत गेले. शिंगाडे चार्ली कंपनीत मार्क्समन झाला. दुर्बीण लावलेली रायफल त्याच्याकडं. मी बेसवर होतो आणि महिन्यातून एकदा प्रत्येक पोस्टवर हत्यारांच्या तपासणीला जायचो.

तो दिवस चार्ली कंपनीच्या तपासणीचा होता. मी सकाळी पोहोचलो तेव्हा एक प्लाटून नाल्यापलीकडच्या गावात कॉर्डनला, म्हणजे वेढा घालायला निघाली होती. शिंगाडे त्यात होता. गेटपाशी भेटला.

"माझं हत्यार परत आल्यावर बघ," तो म्हणाला. "लई वेळ लावू नकोस, जेवायला सोबत बसू."

मी बाकीची हत्यारं तपासायला घेतली. दुपारी जेवणाच्या आधी रेडिओ बोलला. मी शेजारच्याच खोलीत होतो. टायगर म्हणजे कंपनीचं ठाणं, टू म्हणजे बाहेर गेलेली प्लाटून.

"टायगर, टायगर, टू. कॉन्टॅक्ट. ओव्हर."

कॉन्टॅक्ट म्हणजे चकमक सुरू. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी हँडसेट घेतला. "टू, टायगर. कैजुअल्टी? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर.

"टायगर, टू. एक. शिंगाडे. ओव्हर."

मेजर साहेब म्हणाले, "क्यूआरटी मूव्ह." क्यूआरटी म्हणजे मदतीला धावणारी तुकडी. मी दारात उभा होतो. "साहब, स्ट्रेचर को आदमी चाहिए. मैं जाऊँ?"

"जा."

नाला ओलांडून गावाच्या कडेला पोहोचलो तेव्हा फायर थांबला होता. काय झालं ते प्लाटून हवालदारानं सांगितलं. गल्लीत शिरलेल्या आमच्या दोघा जवानांवर समोरच्या घरात लपलेल्या अतिरेक्यांचा फायर आला. ते एका बुटक्या भिंतीआड अडकले. शिंगाडे गल्लीच्या तोंडाशी होता. आडोसा नव्हता. तिथंच झोपला आणि त्या घराच्या खिडकीवर नेम धरून फायर करत राहिला. ते दोघं सरपटत मागं आले. मागचा माणूस बाहेर पडला तेव्हा शिंगाडेला गोळी लागली. बुलेटप्रूफ जॅकेटच्या वर, मानेच्या मुळाशी.

त्याला शुद्ध होती. मी वाकलो.

"जगताप," तो म्हणाला.

"हाय मी हितंच."

पुढं तो बोलला नाही. आम्ही चौघांनी स्ट्रेचर उचललं. मी खांद्याच्या बाजूला होतो. नाला उतरलो, पाण्यातून गेलो, चढ चढलो. वर सपाटीवर डॉक्टर साहेब वाट बघत होते. त्यांनी गळ्यावर बोटं ठेवली, थोडा वेळ तशीच ठेवली, मग काढून घेतली. घड्याळ बघून वेळ लिहून घेतली.

नियमाप्रमाणं त्याची रायफल माझ्याकडं आली. पडलेल्या माणसाचं हत्यार आधी सेफ करावं लागतं, आणि ते काम आर्मररचं. मी मॅगझीन काढलं. बोल्ट ओढला. चेंबरमध्ये राऊंड होता. त्याला पुढची गोळी मारायची होती.

"हथियार सेफ, साहब," मी रिपोर्ट दिला. माझा आवाज नीट आला.

गाव जवळ म्हणून पार्थिवाबरोबर एस्कॉर्टला मला पाठवलं. शेळगावच्या फाट्यावर पोचलो तर रस्ता दिसत नव्हता, एवढी माणसं. शाळेची पोरं दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन उभी. शेतातले पंप बंद, दुकानं बंद. सलामीचा फायर झाला. त्याच्या थोरल्या भावानं अग्नी दिला. आई तिथं नव्हती, ती आधीच वारलेली. वडील, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, ताठ उभे होते. सोपानच्या लग्नाचं बोलणं चालू होतं, एवढंच ते पलटणीकडून आलेल्या साहेबांना म्हणाले.

माझे वडीलही सांगवीहून आले होते. परत जाताना मला जवळ घेऊन म्हणाले, "पोरानं सोनं केलं बघ जन्माचं."

आणि मला हेवा वाटला. त्या दिवशीसुद्धा.

मी हवालदार म्हणून रिटायर झालो. जळोचीत घर बांधलं. भाऊ सांगवीत ऊस बघतो, वडील त्याच्याकडं असतात. शिंगाडेच्या स्मृतिदिनाला मी दरवर्षी मोटारसायकलवर शेळगावला जातो. शाळेच्या कमानीवर त्याचं नाव आहे. फोटोला हार, पाहुण्यांची भाषणं, मुलांचं गाणं. मला शेवटच्या रांगेतून पुढं बोलावतात आणि "शहीद सोपान शिंगाडे यांचे मित्र" म्हणून टाळ्या होतात. माझं नाव कधी घेतात, कधी राहून जातं. मी आता पन्नाशीत आहे आणि कमानीवरचं नाव वाचताना अजूनही आत काहीतरी टोचतं. त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

आबा पहिल्या रांगेत बसतात. इतक्या वर्षांत ते माझ्याशी धड बोलले नव्हते. मी पाया पडायचो, ते मान वळवायचे. मला वाटायचं, मी त्याला गावी आणला आणि जिवंत आणला नाही, याचा राग असेल. ते बरोबरच आहे असंही वाटायचं.

यंदा कार्यक्रम संपल्यावर मी गाडीला किक मारणार, तेवढ्यात आबांनी काठी वर करून हाक मारली.

"ए सांगवीकर. घराकडं चल."

त्यांचं घर डाळिंबाच्या बागेत. ओट्यावर बसलो. थोरल्या सुनेनं पाणी आणून दिलं.

"तुझा बा हाय?"

"हाय, आबा. थकल्यात, पन हायती."

"जातोस त्याच्याकडं?"

"दर रविवारी."

"जेवतोस तितं?"

"व्हय."

आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मला तुझ्या बाचा हेवा वाटतो," ते म्हणाले. "तू कार्यक्रमाला आलास, की वाटतो. समद्या गावाला वाटतंय, आबाचं नशीब थोर. कमानीवर नाव हाय. मला कमान नको व्हती रं. म्हणून तुझ्याशी बोलत न्हवतो. तुझ्यावर राग न्हाय. तुझं तोंड बघवत न्हाय, एवढंच."

मी भांड्यातलं पाणी संपवलं.

"केस पिकलं तुझं," ते म्हणाले. "त्येचं बी पिकलं असतं आता."

"व्हय, आबा."

सुनेनं ताट आणून ठेवलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा.

"तुमी?" मी विचारलं.

"माझं झालंय. तू जेव. तितं पलटणीत त्याला काय आवडायचं खायला?"

"शिरा. रविवारी असायचा. दोनदा घ्यायचा. माझ्या ताटातला बी उचलायचा."

आबा हसले. पहिल्यांदाच हसताना बघितलं. "घरी बी तसंच. थोरल्याच्या ताटावर डोळा. आपल्या ताटात असलं तरी."

मी भाकरीचा तुकडा मोडला. आबा सरकून माझ्या समोर बसले, अगदी जवळ, आणि दोन्ही हात काठीवर ठेवले.

"सावकाश जेव," ते म्हणाले. "त्याच्या वयाचा माणूस जेवताना कसा दिसतो, ते बघू दे मला."

मी सावकाश जेवलो. त्यांनी सुनेला हाक मारून आणखी एक भाकरी वाढायला सांगितली. ती पण मी खाल्ली.